कोणाकडं नाही, असंच

नळदुर्गच्या स्टँडवर एस.टी.तून उतरल्यावर अम्मीने डोक्यावरची ओढणी सारखी केली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मला विचारलं, "क्या गे, किसके घरकू जाना अपन को?"

मी म्हटलं, "किसीके नहीं अम्मी. किला देखना है."

"वो तो देखेंगे. लेकिन जाना किसके घरकू?"

माझी मुलगी हसायला लागली. मला हसू आलं नाही, कारण अम्मी चेष्टा करत नव्हती. तिचं वय तेव्हा बहात्तर. या बहात्तर वर्षांत ती ज्या ज्या गावी उतरली, तिथे तिला कोणीतरी न्यायला आलेलं असायचं, नाहीतर कोणाच्या तरी दारापर्यंत तिला पोचायचं असायचं. ज्या गावात आपलं कोणाचं घर नाही, त्या गावात उतरायचंच कशाला, हे तिला खरोखर कळत नव्हतं.

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. आज त्याच्याविषयी लिहायचं आहे, कारण येत्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणखी एक सहल ठरवते आहे आणि अम्मीने पुन्हा तोच प्रश्न विचारला आहे.

आमच्या घरात प्रवासाचा नकाशा नातेवाइकांचा होता. बार्शी म्हणजे मामूंचं घर. लातूर म्हणजे खालाचं. सोलापूर म्हणजे मोठा दवाखाना आणि दवाखान्याजवळ राहणारी फुफी. गुलबर्गा म्हणजे ख्वाजा बंदानवाजांचा उर्स. हैदराबाद म्हणजे लग्नाचे कपडे. मिरज-लातूर छोटी गाडी, जिला सगळे बार्शी लाइट म्हणायचे, ती अजून धावत होती तेव्हा अम्मी तिने माहेरी जायची. त्या गाडीच्या पुढच्या स्टेशनांवर काय आहे, हे तिला कधी कळलं नाही. बार्शी आली की उतरायचं. पुढे कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज ही नावं तिने फक्त ऐकलेली.

अब्बांचा बांगड्यांचा धंदा होता. आठवडी बाजार करायचे. ढोकी, येडशी, मुरूड, कळंब. आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त रस्ता त्यांच्या पायाखालून गेला. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "अब्बा, कळंब कैसा है?" ते म्हणाले, "बाजार अच्छा भरता." त्यांना कळंब तेवढंच माहीत होतं. बाजार उठला की गाठोडं बांधायचं आणि शेवटची गाडी पकडायची.

म्हणजे प्रवास आम्ही कमी केला नाही. निकाह, छट्टी, जनाजा, चाळिसावा, दवाखाना, उर्स, यासाठी सतत जात-येत राहिलो. पण प्रत्येक वेळी सांगायला कारण असायचं. स्टँडवर शेजारची बाई भेटली आणि "कहाँ चले?" असं तिने विचारलं, की उत्तर तयार असायचं. विनाकारण फिरायला निघणं म्हणजे एक तर श्रीमंतांचा शौक, नाहीतर रिकामटेकडेपणा. त्यातून बाईमाणूस असेल तर आणखी दोन प्रश्न जास्त.

गंमत अशी की कारणाच्या आड मजा सगळी व्हायची. अम्मीचे अब्बा, म्हणजे माझे नाना, सत्तरच्या दशकात मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. (हाजींची ती समुद्रवाट १९९५ मध्ये बंद झाली. आता सगळे विमानाने जातात.) नाना परत आल्यावर लोक खजूर आणि आब-ए-जमजम घ्यायला यायचे आणि नाना त्यांना समुद्र सांगत बसायचे. चहूकडे पाणीच पाणी, रात्री जहाजावरून दिसणारे तारे, पहिल्या दोन दिवसांत झालेल्या उलट्या, जहाजाबरोबर उड्या मारत येणारे मोठे मासे. अम्मी म्हणते, मक्क्याचं सांगताना ते रडायचे आणि समुद्राचं सांगताना लहान मुलासारखे व्हायचे. माणूस इबादतीला गेला होता, पण डोळे उघडे ठेवून गेला होता. आमच्या खानदानातला तो पहिला पर्यटक. फक्त त्याला तसं कोणी म्हटलं नाही.

तेरमध्ये वाढलेल्या मुलीने हे सगळं लिहावं, यातही एक गंमत आहे. तेरला लोक बाहेरून येतात. चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला गाव भरून जातं. ओट्याओट्यावर अनोळखी माणसं टेकलेली असतात. लहानपणी आम्ही पोरं तांब्या भरभरून पाणी द्यायचो. एरवीही कोणी ना कोणी गाडी थांबवून विचारायचं, "म्युझियम कुठंय?" मी हात करून दाखवायची. असा हात मी शंभर वेळा तरी दाखवला असेल. स्वतः आत गेले वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तेसुद्धा शाळेची सहल घेऊन. पुन्हा कारणच.

रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचे व्यापारी. गावाच्या पांढरीत, नदीकाठच्या टेकाडांवर सापडणाऱ्या जुन्या वस्तू त्यांनी आयुष्यभर जमवल्या. आजचं सरकारी संग्रहालय त्यांच्याच नावाने आहे. मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या. बांगड्यांच्या कपाटासमोर मी बराच वेळ उभी होते. अब्बांचा धंदा दोन हजार वर्षांपूर्वीही या गावात चालत होता तर! तिथेच हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पोम्पेईच्या राखेखालून निघाली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीने गाडलेलं ते शहर. त्या मूर्तीचं नातं काही अभ्यासकांनी भोकरदन आणि तेरशी जोडलं आहे.

तेरचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराचं वर्णन लिहून ठेवलं, ते 'पेरिप्लस' या नावाने ओळखलं जातं. त्यात पैठण आणि तगर ही दोन्ही नावं आहेत. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरचं साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरात जायची आणि तिथून जहाजाने पश्चिमेला. हे तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिलं.

मुलांना हे समजावून सांगता सांगता माझ्या मनात आलं, आमच्या गावचं कापड रोमपर्यंत गेलं आणि आमच्या गावची माझी आई बार्शीच्या पुढे उतरली नाही.

त्याच आठवड्यात मी एक दोनशे पानी वही घेतली आणि सहली लिहायला लागले. पहिल्या पानावर विजापूर, गोलघुमट. पुढे 'शादी' असं लिहून काट मारलेली आहे, कारण त्या सुट्टीत दिराच्या मुलीचं लग्न निघालं. दुसऱ्या पानावर हैदराबाद, सालारजंग संग्रहालय. पुढे लिहिलंय 'अब्बा'. त्या महिन्यात ते गेले. तिसऱ्या पानावर पुन्हा विजापूर, पुढे 'लॉकडाऊन'. चौथ्या पानावर कोकण, समुद्र. पुढे काहीच लिहिलेलं नाही.

त्या पानाचं सांगते. कोकणातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात मी लॉजला फोन केला. पलीकडचा माणूस फार छान बोलला. भाडं सांगितलं, गरम पाण्याची वेळ सांगितली, "समुद्र खिडकीतून दिसतो मॅडम" असंही म्हणाला. मग बुकिंगसाठी नाव विचारलं. मी नाव सांगितलं. क्षणभर गप्प राहून तो म्हणाला, "पाच मिनिटांत फोन करतो." फोन आला नाही. संध्याकाळी मीच केला तर सगळ्या खोल्या भरल्या होत्या.

खरंच भरल्या असतील. सुट्टीचे दिवस होते. मला आजही खात्रीने सांगता येत नाही, आणि ते तसं सांगता न येणं हाच त्यातला सगळ्यात मोठा त्रास आहे. रागवायचं तरी कोणावर? दुसऱ्या दिवशी शाळेत एका मैत्रिणीला सांगितलं तर ती बिचारी पटकन म्हणाली, "अगं, माझ्या नावाने करू का बुकिंग?" तिचं मन साफ होतं. पण घरी येईपर्यंत मी कोणाशी बोलले नाही. दुसऱ्याचं नाव लावून समुद्र बघायला जाणं मला जमलं नाही. जमायला हवं होतं का, माहीत नाही. नाही जमलं.

आता मला वाटतं, अम्मीच्या "किसके घरकू" या प्रश्नात हेही असावं. नातेवाइकाच्या दारात आधार कार्ड दाखवावं लागत नाही. जेवणात काय आहे हे विचारावं लागत नाही, किबला कुठे हे शोधावं लागत नाही, रात्री दाराला दोनदा कडी लावावी लागत नाही. आमच्या बायकांनी नातेवाइकांच्या घरांचा नकाशा बनवला, तो फक्त पैसे वाचवायला नव्हता. जिथे आपण नक्की आत घेतले जाऊ, अशा जागांचा तो नकाशा होता.

तर नळदुर्ग.

पावसाळा सरत आलेला रविवार होता. तेरहून धाराशिव, धाराशिवहून तुळजापूर, तुळजापूरहून नळदुर्ग. एक दिवसाची सहल, रात्री मुक्काम नाही, म्हणून लॉजचा प्रश्न नाही. आम्हाला दोघींना अर्धं तिकीट. बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून झालं, त्याचा आमच्यासारख्यांवर मोठा उपकार आहे. पंचाहत्तरी झाली की पूर्ण फुकट, हे अम्मीला पाठ आहे. ती गाडीत म्हणाली, "तीन साल रुके रहते तो फुकट में आती मैं." मी म्हटलं, "तीन साल में किला भागता नहीं अम्मी, लेकिन घुटने भागते." त्यावर ती गप्प.

किल्ल्याच्या दारात तिकीट काढताना मात्र तिला धक्का बसला. पडकं बघायला पैसे? आत गेल्यावरही तिचं लक्ष किल्ल्यात नव्हतं. जोहरची नमाज कुठे पढायची, डबा कुठे उघडायचा, परतीची गाडी किती वाजता, हेच चाललं होतं. मी तिला हळूहळू चालवत पाणी महालापर्यंत नेलं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. बोरी नदीवर दगडी बंधारा बांधला आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं हे काम. नदी भरली की बंधाऱ्यावरून दोन ठिकाणी पाणी खाली कोसळतं, त्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. महालात बसावं आणि बाहेर डोळ्यासमोरून पाणी पडत असावं, एवढ्यासाठी कोणीतरी हे बांधलं. त्या दिवशी पाणी पडत होतं. माझी मुलगी ओरडत पुढे पळाली. अम्मी काही बोलली नाही.

मग एका झाडाखाली तिने शाल अंथरली. शेजारी सोलापूरकडचं एक कुटुंब धपाटे आणि दही घेऊन बसलं होतं. अम्मी नमाजीला उभी राहते आहे हे बघून त्यातल्या आजींनी आपली सतरंजी ओढून घेतली आणि पोरांना गप्प केलं. नमाज झाल्यावर त्यांनी धपाटे पुढे केले, आम्ही आमची शेंगाची चटणी दिली. अम्मीने लगेच आपला प्रश्न काढला, मराठीत.

"तुम्ही इथं कोणाकडं आलाव?"

आजी म्हणाल्या, "कोणाकडं न्हाई वो. असंच. पाणी बघायला."

अम्मीने माझ्याकडे वळून बघितलं. "ये भी ऐसेच आए," ती म्हणाली. माझी लेक खोटं बोलत नव्हती, जगात खरोखरच अशी माणसं असतात, याची तिला तेव्हा खात्री पटली असावी. त्यानंतर तासभर ती पाण्याकडे तोंड करून बसली. उठायची वेळ झाली तर म्हणाली, "बैठ गे जरा. गाडी दूसरी मिलती."

परतताना ती खिडकीशी बसली होती. घरी आल्यावर तिने शेजारणीला सांगितलं, "नळदुर्ग गए थे." शेजारणीने विचारलं, "कौन है वहाँ?" अम्मी म्हणाली, "कोई नहीं. पानी है."

आता पुढची सहल. वहीच्या नव्या पानावर मी लिहिलं आहे: 'तगर ते पैठण'. पेरिप्लसवाल्याने दहा दिवस सांगितले आहेत. आम्ही धाराशिव, बीड करत दिवसाउजेडी पोचू. पहिला मुक्काम पैठण. गोदावरीचा घाट, नाथसागर आणि पैठणीचे माग. तगरची मलमल गेली, पैठणची पैठणी राहिली, ती विणताना अम्मीला दाखवायची आहे. दुसऱ्या दिवशी छत्रपती संभाजीनगर, अम्मीच्या तोंडी अजून औरंगाबाद. सिराज औरंगाबादींची गझल मी वर्गात शिकवते आणि ते ज्या शहरात राहिले त्याच्या गल्ल्या मी पाहिलेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दौलताबाद आणि खुलताबाद. दौलताबादचा चढ आणि ती अंधारी वाट अम्मीच्या गुडघ्यांना जमणार नाही, ती चाँद मिनारपाशी बसेल. इब्न बतूता इथे येऊन गेला. १३२५ मध्ये एकविसाव्या वर्षी तो टँजियरहून हजला म्हणून निघाला आणि जवळजवळ तीस वर्षं फिरत राहिला. दौलताबादच्या द्राक्षं-डाळिंबांचंही त्याने लिहून ठेवलं आहे. खुलताबादला मलिक अंबरची कबर बघायची आहे. हबशी मुलूखात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि शेवटी खडकी हे शहर वसवणारा झाला. त्याला तर प्रवासाचं कारण कोणी विचारलंही नव्हतं. चौथ्या दिवशी पाणचक्की आणि मकबरा बघून परत. वेरूळही जवळच आहे, पण लेणी मंगळवारी बंद असतात, तेवढा वार सांभाळायचा. एस.टी.चा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार दिवसांचा पासही बघितला, पण आम्हाला अर्धं तिकीट असल्यामुळे सुटी तिकिटंच स्वस्त पडतील असं दिसतंय.

अम्मीच्या दोन अडचणी होत्या. पहिली, "हज हुआ नहीं और घूमते फिरना?" मी तिला बँकेचं पुस्तक दाखवलं. हजचे पैसे वेगळे आहेत, त्यांना हात लागणार नाही, सहल माझ्या पगारातून. आणि कुरआनात जमिनीवर फिरा आणि पाहा, आधीच्या लोकांचं काय झालं ते बघा, असं एकापेक्षा जास्त ठिकाणी सांगितलं आहे, हेही तिला सांगितलं. ती म्हणाली, "तू उस्तानी है, तेरे पास सब जवाब रहते."

दुसरी अडचण तिने मला सांगितली नाही, थेट मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारली. आमच्याकडच्या हनफी मताप्रमाणे माणूस साधारण ७८ किलोमीटरच्या पुढे प्रवासाला निघाला की त्याला कसर लागू होते, चार रकातींच्या फर्ज नमाजीच्या दोन होतात. अम्मीला शंका होती, कामाला निघालेल्याला ही सवलत ठीक आहे, पण जो असाच फिरायला निघाला, त्यालाही मिळते का? मौलाना म्हणाले, मिळते. सवलत प्रवासाला आहे, तुम्ही कशासाठी निघालात याची चौकशी त्यात नाही.

अम्मीने हे मला घरी येऊन सांगितलं आणि स्वयंपाकघरात गेली. मी वही घेऊन तशीच बसून राहिले. ज्याच्यापुढे उभं राहायचं, तो कारण विचारत नाही. मग आयुष्यभर आम्ही हा दाखला कोणाला दाखवत होतो?

पैठणच्या लॉजला मी परवा फोन केला. आता मी सगळ्यात आधी नाव सांगते, मग भाडं विचारते. वेळ वाचतो. पलीकडून आवाज आला, "या की मॅडम, किती जण?" एवढंच. मी दोन रात्रींचं सांगून टाकलं. तिसऱ्या रात्रीसाठी अम्मीने औरंगाबादेत एक लांबची भाची शोधून काढली आहे. बार्शीच्या मामूंच्या साडूची मुलगी. तिच्याकडे न्यायला कुंथलगिरीचे पेढेही ठरलेत. मी हरकत घेतली नाही. दोन रात्री माझ्या, एक तिची.

काल रात्री वही मिटत होते तर अम्मी म्हणाली, "उसमें और एक लिख."

"काय लिहू?"

"समुंदर. अब्बा बोलते थे वैसा है क्या, देखना है मुझे."

मी कोकणाचं ते चौथं पान उघडलं. त्याच्यापुढे रद्द लिहिलेलं नव्हतं, बरं झालं. तिथे अम्मीचं नाव लिहिलं आणि नंतर स्वतःचं.